सुटीतील शिरवाळे आणि शिकवणीचे मोल

मुलुंडमधील अनेक मराठी कुटुंबांचे मूळ गाव कोकणात असले, तरी चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत येऊन स्थिरावलेला कोकणी माणूस, आणि त्याची नातवंडे यांच्या गावाशी असलेल्या संबंधात आता बराच फरक पडला आहे. गावचे घर बंद पडल्यामुळे वा वाटण्यांत गेल्यामुळे ही नातवंडे ठाण्याला कोकण रेल्वेची गाडी पकडून मालवण-वेंगुर्ल्याकडे जातात ती पर्यटक म्हणून. आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गात ज्या घरी ती उतरतात, तेथील स्वयंपाकघरात दोन-तीन तास बसून एखादा पदार्थ स्वतः करून पाहण्याची सोय काही ठिकाणी होऊ लागली आहे.

पाककृती घरबसल्या मिळत असताना त्यासाठी सुटीतला अर्धा दिवस का घालवावा, असा प्रश्न यावर विचारला जातो. कमलाबाई ओगले यांच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन नवशिक्यांची मोठी सोय केली, हे खरेच, परंतु प्रमाण छापता येते, हाताचा अंदाज छापता येत नाही. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या ताज्या शेवया, हे याचे चांगले उदाहरण होय. उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात सोडून ते वर तरंगू लागले की बाहेर काढतात आणि वाफ जिरण्यापूर्वीच लाकडी साच्यात घालून दाबतात; गोळा निवला तर तो साच्यातून उतरत नाही आणि आतून कच्चा राहिला तर शेवई तुटते, त्यामुळे एकाने गोळे पुरवायचे व दुसऱ्याने अंगाचा भार टाकून साचा दाबायचा, अशी जोडीची लगबग या कामात असते. गूळ व वेलची घातलेल्या नारळाच्या दुधात, ज्याला तेथे रस म्हणतात, शिरवाळे बुडवून खाताना शिकणाऱ्याला आपला गोळा नेमका कोठे फसला हे जिभेवर कळते. घावण्यांचेही तसेच आहे: बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा पुरेसा तापला नसेल तर पातळ पिठाला जाळी पडत नाही, आणि तो तापला की नाही हे शिकवणारी बाई पीठ पडतानाच्या आवाजावरून सांगते.

हे ज्ञान देणाऱ्या बहुतेक स्त्रियांना मात्र त्याचा वेगळा मोबदला मिळत नाही, कारण शिकवणे हे पाहुणचारातच मोडते असे गृहीत धरून त्याचे पैसे राहण्या-जेवणाच्या बिलात जिरवले जातात. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतघरातील मुक्कामाला व्यवसायाचे स्थान दिले, तर २०२३ च्या ‘आई’ धोरणाने महिला पर्यटन उद्योजकांना कर्जावरील व्याजाच्या परताव्याची सोय केली. तथापि स्वयंपाकघरातल्या कौशल्याची किंमत शेवटी येणाऱ्या पाहुण्याच्या वागण्यावरच ठरणार आहे. मुलुंडमध्ये गाण्याच्या वा चित्रकलेच्या शिकवणीची फी बिनतक्रार भरणाऱ्या कुटुंबांनी कोकणातल्या मुक्कामाची खोली ठरवतानाच शिकवणीची वेळ व तिची फी वेगळी ठरवावी आणि ती शिकवणाऱ्या बाईच्याच हाती द्यावी.