शिबिर एका दिवसाचं, साखर वर्षभराची

ईद-ए-मिलादला लोहाऱ्यात आम्ही मित्रांनी मोफत आरोग्य शिबिर भरवलं. मंडप, बॅनर, फोटो, सगळं झालं. माझ्या खालाची साखर तिथेच पहिल्यांदा कळली : २८६. चिठ्ठी तिनं पिशवीत ठेवली. नंतर तिची विचारपूस करायला कुणी गेलं नाही. मीही नाही, मी पुण्याला नोकरीवर परतलो होतो. पाच महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि एक बोट काढावं लागलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बेटा, तुम्ही परत आलाच नाहीत."

त्यानंतर मी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेबद्दल वाचू लागलो. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, डॉ. सुशीला नय्यर यांनी कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारानं हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एखाद्या गावात मुक्काम करतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवली जातात. घरात कोण आजारी आहे, पाणी कुठून येतं, बाळाच्या लसी झाल्या का, याची तो नोंद करतो. शिबिर संपल्यावरही तो त्याच घरांत पुन्हा पुन्हा जातो. रुग्णालयाच्या आरोग्य विमा योजनेत गावकरी सुगीनंतर ज्वारी देऊनही सहभागी होत. म्हणजे गाव नुसतं उपकार घेणारं नव्हतं, भागीदार होतं.

आमचं शिबिर आणि हे काम, यांत फरक पैशाचा नाही, परत जाण्याचा आहे.

आपल्या घरांत डॉक्टरकीची चर्चा नीटचे गुण आणि फी यांवरच थांबते. ती काळजी खोटी नाही. पण कॉलेज निवडताना मुलामुलींनी आणखी एक प्रश्न विचारावा : हे कॉलेज जवळच्या गावासाठी काय करतं?

हा प्रश्न सेवाग्रामपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला आहे. विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि शिक्षणाच्या काळात त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवायचा. धाराशिवलाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मग आपल्या तालुक्यातलं एखादं गाव, एखादा मोहल्ला या कार्यक्रमात घ्या, असा अर्ज आपण का करू नये? ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा, सर्व समाजांच्या लोकांनी सह्या कराव्यात. आजार जात-धर्म विचारून येत नाही.

अर्ज मंजूर होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. डॉक्टर नसलो तरी वही ठेवता येते. आमच्या शिबिरात ज्यांची साखर किंवा रक्तदाब जास्त निघाला, त्यांची यादी अजून आमच्याकडे आहे. दहा तरुणांनी पाच-पाच घरं वाटून घेतली तर पन्नास घरं होतात. महिन्यातून एकदा जायचं, गोळ्या चालू आहेत का विचारायचं, पाय बघायचे, गरज पडली तर सरकारी दवाखान्यात सोबत जायचं. औषध बदलण्याचा शहाणपणा मात्र करायचा नाही, ते डॉक्टरांचं काम. बायकांकडे मुलींनी जावं, आशाताईंना सोबत घ्यावं.

पुढच्या मिलादला मंडप लहान असला तरी चालेल. आधी गेल्या वर्षीची यादी काढू. त्यातलं पहिलं घर माझ्या खालाचं आहे. तिथे मी जाईन. दुसऱ्या घरी कोण जाणार?