केमोची खुर्ची खिडकीपाशी का हवी?

पिंपळे गुरवच्या काटेपुरम चौकातून सकाळी साडेसातला रिक्षा धरून केमोला निघालेला माणूस घरी परततो तो संध्याकाळी पाच-सहाला. त्यात प्रत्यक्ष केमोचे औषध शिरेतून जाण्याचा वेळ कित्येकदा दोन-तीन तासांचाच असतो. बाकीचा दिवस कुठे जातो? रक्त देण्याची रांग, रिपोर्ट येईपर्यंत थांबणे, डॉक्टरांनी पेशींचे आकडे बघून "आज देऊया" म्हणणे, योजनेची मंजुरी किंवा बिलाचा काउंटर, फार्मसीतून औषध तयार होऊन येणे, उलटी होऊ नये म्हणून आधीची इंजेक्शने, मग सलाईन. म्हणजे औषध तीन तास, आणि इमारत दहा तास. औषधाबद्दल आम्ही डॉक्टर तुमच्याशी भरपूर बोलतो. इमारतीबद्दल अवाक्षर काढत नाही.

आज ते काढतो आहे, कारण वेळ तशी आली आहे. 1 फेब्रुवारी 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातल्या सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्रे करण्याची घोषणा झाली, त्यातली 200 केंद्रे 2025-26 या वर्षात. आपले जिल्हा रुग्णालय म्हणजे औंधचे, सांगवी फाट्याजवळचे. पिंपळे गुरवहून नवी सांगवीमार्गे रिक्षाने पंधरा-वीस मिनिटे. केमोसाठी परळला, टाटाला जायचे म्हणजे पहाटेची गाडी किंवा धर्मशाळेत मुक्काम. त्यापेक्षा हे किती सोपे, हे ज्याच्या घरी पेशंट आहे त्याला सांगायला नको. म्हणून या घोषणेचे मी मनापासून स्वागत करतो. काळजी एवढीच वाटते, की "डे-केअर सुरू करा" असा आदेश आला की आपल्याकडे जुन्या वॉर्डातली एखादी रिकामी खोली शोधली जाते, तिथे दहा खुर्च्या मांडतात, फीत कापतात आणि काम झाले.

माझे मत सरळ आहे. आराखडा दर्शनी भागापासून नको, केमोच्या खुर्चीपासून सुरू करा. सरकारी असो वा खासगी, बहुतेक रुग्णालयांत सगळ्यात चांगला उजेड आणि उंच छत असते प्रवेशाच्या दालनात. तिथे कुणी पाच मिनिटेसुद्धा बसत नाही. आणि जो दिवसभर बसतो, त्याची खुर्ची तळघरात किंवा मधल्या बिनखिडकीच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणीतरी हा लेख "झाडे बघून कॅन्सर बरा होतो" म्हणून पुढे पाठवेल. झाड बघून गाठ लहान होत नाही. गाठीवर काम करतात ते औषध, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. पण त्या औषधाबरोबर येणारी वेदना, भीती, मळमळ, थकवा यांच्यावर जागेचा परिणाम होतो. 1984 साली रॉजर उलरिक यांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या त्यांनी तपासल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, कॅन्सरवरचा नाही, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण खिडकी ही चैन नाही, एवढे तरी त्यातून म्हणता येते.

आता खुर्चीकडे येऊ. केमोच्या रुग्णांत एक प्रकार नेहमी दिसतो. दोन-तीन सायकल झाल्या की औषध सुरू होण्याआधीच उलटी होते. काहींना तर रुग्णालयाच्या गेटवर, फिनाईलचा वास आला की पोटात ढवळते. घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." तसे नाही. आधीच्या वेळी उलटी झाली तेव्हा जो वास, जो रंग, जी खोली होती, तिची मेंदूने उलटीशी गाठ बांधून ठेवली आहे. चिंच म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटते, तसेच हे. पहिल्या सायकलपासून उलटीचे औषध नीट दिले तर ही गाठ सहसा बसत नाही, आणि बसलीच तर आदल्या रात्री घ्यायच्या गोळ्याही असतात, त्यामुळे डॉक्टरांना हे जरूर सांगा. पण मला इथे म्हणायचे आहे ते हे, की वास हा आराखड्याचा प्रश्न आहे. केमोच्या खोलीला लागून कॅन्टीनची फोडणी किंवा शौचालयाचा दरवाजा येत असेल, तर आपण ती गाठ स्वतःच्या हाताने बांधतो आहोत.

मग एसी. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचे औषध बऱ्याचदा देतात. त्यानंतर काही दिवस थंडी सोसत नाही. गार वस्तूला हात लावला की मुंग्या येतात, गार हवा घशात गेली की घसा आवळल्यासारखा वाटतो. अशा माणसाच्या नेमक्या डोक्यावर एसीचा झोत असेल तर? बिचारा शाल पांघरून बसतो, आणि शेजारचा घामाघूम माणूस "अजून कमी करा" म्हणतो. एका खोलीचा एकच रिमोट असला की भांडण ठरलेले. झोत खुर्चीवर न येता वाटेवर यावा, एवढे आधी ठरवले तर त्याला जादा पैसा लागत नाही.

शौचालयाचे तर काय सांगू. सिसप्लॅटिनसारख्या औषधाबरोबर मूत्रपिंडे जपण्यासाठी भरपूर सलाईन देतात, म्हणजे लघवीला वारंवार जावे लागते. हाताला सुई, दुसऱ्या हाताने सलाईनचा स्टँड ढकलत, पायांच्या तळव्यांना मुंग्या (केमोची काही औषधे नसांना त्रास देतात), आणि समोर चकचकीत ओली फरशी. शौचालय दूर, दार अरुंद, उंबरठा चढता, आत आधाराला दांडी नाही. यात पडलेला पेशंट म्हणजे खुब्याचे हाड मोडलेला पेशंट, आणि मग केमो लांबणीवर. म्हणून खुर्चीपासून शौचालय दहा-बारा पावलांवर, दार स्टँडसकट आत जाईल इतके रुंद, कमोड, दांडी आणि आतून वाजवता येईल अशी घंटा. यात 'आर्किटेक्चर' म्हणण्यासारखे काही नाही, पण ते कागदावर कुणीतरी आखावे लागते.

आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही. बरोबर बायको असते, मुलगा असतो, एमआयडीसीतली पाळी बुडवून आलेला भाऊ असतो. त्यांना खुर्ची नसते. ते जिन्यात बसतात आणि दर दहा मिनिटांनी दारातून डोकावतात, सिस्टर ओरडतात. डबा कुठे खायचा हाही प्रश्नच. आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे तोंडाचे कॅन्सर खूप. त्यातल्या अनेकांना नाकातल्या नळीतून पातळ पेज द्यावी लागते. मी ही पेज भर कॉरिडॉरमध्ये, ये-जा करणाऱ्यांच्या नजरा चुकवत, बायकोने पदराचा आडोसा धरून सिरिंजने देताना पाहिली आहे. दोन पडदे, एक बेसिन आणि एक टेबल, इतक्याने हे टळले असते.

हवेचा विषय मात्र जिवाचा आहे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत रक्त तपासायला किंवा सलाईनला आलेल्या माणसाला खोकणाऱ्यांच्या गर्दीत बसवणे धोक्याचे. (या काळात ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच रुग्णालय गाठा.) आणि आपल्या देशात टीबी आहे, हे विसरून चालत नाही. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत एक मोजणी झाली होती, 2007 साली ती छापून आली. मोठ्या खिडक्या आणि उंच छताच्या जुन्या खोल्यांत खिडक्या उघडल्यावर हवा तासाला सरासरी 40 वेळा बदलत होती, नव्या धाटणीच्या खोल्यांत 17 वेळा.

गंमत बघा, औंधच्या जिल्हा रुग्णालयाच्या शेजारीच उरो रुग्णालय आहे, छातीच्या आजारांचे. टीबीवर औषध नव्हते तेव्हा जगभर सॅनेटोरियम बांधली ती हवा, ऊन, व्हरांडा आणि झाडे यांच्या भरवशावर. टीबी त्याने बरा होत होता असे नाही. स्ट्रेप्टोमायसीन 1940च्या दशकात आले आणि मग चित्र पालटले. पण औषध मिळाल्यावर आपण व्हरांडाही मोडीत काढला, तो का, हे मला कधी कळले नाही.

"मग केमोच्या खोलीत कुंड्या ठेवू," असे कुणी म्हणेल. नको. कुंडीतल्या ओल्या मातीत बुरशी असते, आणि पेशी कमी झालेल्या माणसाला ती बाधू शकते. झाड काचेच्या बाहेर हवे. उघडणाऱ्या खिडक्यांना जाळी हवी, कारण पिंपरी-चिंचवडमध्ये पावसाळा म्हणजे डेंग्यू. केमोचे औषध जिथे मिसळतात ती खोली मात्र पूर्ण बंद आणि तिच्या खास यंत्रणेसहच असायला हवी, तिथे तडजोड नाही. रेडिएशनचे मशीनही जाड काँक्रीटच्या भिंतींतच ठेवावे लागते, म्हणून ते अनेकदा तळघरात असते. त्याला इलाज नाही. पण मशीनखाली माणूस असतो पंधरा-वीस मिनिटे, आणि बाहेर थांबतो तासभर, तेही पाच-सहा आठवडे जवळजवळ रोज. मशीन तळघरात, म्हणून थांबण्याची जागाही तळघरात, असे कुणी ठरवले?

मॅगी केझविक जेंक्स या बाईंना 1993 साली एडिंबराच्या रुग्णालयात सांगण्यात आले, की स्तनाचा कॅन्सर पसरला आहे आणि हातात थोडेच महिने आहेत. ते ऐकून त्या बसल्या कुठे, तर बिनखिडकीच्या कॉरिडॉरमध्ये, कारण पुढचा पेशंट आत जायचा होता. त्या 1995 साली गेल्या, पण त्याआधी रुग्णालयाच्या आवारातल्या एका जुन्या तबेल्यात वेगळी जागा करायचा आराखडा त्यांनी आखला. 1996 साली ती उघडली. अशा केंद्रांत केमो देत नाहीत. मध्यभागी स्वयंपाकघर आणि मोठे टेबल असते, चहा करून घ्यायचा आणि बसायचे. पुढे अशी अनेक केंद्रे झाली. तेवढा पैसा आपल्याकडे नसेल, पण वाईट बातमी सांगायला एक खोली, आणि तिथून थेट बाहेर जाणारे दुसरे दार, म्हणजे रडवेल्या माणसाला सगळ्या ओपीडीसमोरून जावे लागणार नाही, हे तर जमेल ना?

आणि हे परदेशातच होते असे नाही. पुण्यातच वारजे इथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून आहे. वाढलेल्या कॅन्सरच्या वेदना कमी करण्याचे काम तिथे मोफत चालते, घरचे माणूस रुग्णाबरोबर राहते आणि भोवती बाग आहे. शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला बाग हवी हे आपण मान्य केले. पहिल्या टप्प्यातल्या, बरे होण्याची पूर्ण आशा असलेल्या माणसाला मात्र तळघर चालेल असे समजतो, हे मला पटत नाही.

नवी इमारत होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही केमोला जाताना सिस्टरना खिडकीपाशी, एसीच्या झोताबाहेर खुर्ची मागा. लाजू नका, "ऑक्झॅलिप्लॅटिन चालू आहे" एवढे सांगितले तर त्यांना लगेच कळते. पायात घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल घाला, मोजे आणि शाल बरोबर ठेवा, उग्र वासाचा डबा त्या खोलीत उघडू नका.

आणि जिल्हा रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, हे लक्षात ठेवा. तिच्या नावे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे साधे पत्र देता येते. त्यात तक्रारीचा सूर नको. तुमच्या घरच्या माणसाला केमोच्या दिवशी किती तास थांबावे लागले, शौचालय किती पावलांवर होते, बरोबरचे माणूस कुठे बसले, पेज कुठे दिली, एवढेच लिहा. एका पानात मावेल. नकाशा कागदावर असतानाच ते पान पोहोचायला हवे, भिंत उभी राहिल्यावर खिडकी पाडून घेणे फार महाग पडते.