साधा गळच बरा

‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मागच्या महिन्यात भूगोलाच्या तासाला मला ती पटली. त्यावरून मनात जे आले ते मी या भित्तिपत्रकात लिहीत आहे. वर्गमित्रांनी वाचावेच, पण आज शाळेत आलेल्या पालकांनीही दोन मिनिटे थांबून वाचावे, ही विनंती.

त्या दिवशी गुरुजी शीत कटिबंध शिकवत होते. ते म्हणाले, “तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात. माणसे त्या बर्फावर चालत जातात, भोक पाडतात आणि खालचे मासे धरतात.” आम्ही सगळे हसलो. मी विचारले, “गुरुजी, मग मासे गोठत कसे नाहीत?” गुरुजींनी फळ्यावर तळ्याची आकृती काढली. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. ते तळाशी जाऊन बसते. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो वर तरंगतो आणि गोधडीसारखा तळ्यावर पसरतो. बाहेर उणे २० अंश थंडी असली तरी गोधडीखाली पाणी पाणीच राहते आणि मासे जिवंत राहतात.

मग गुरुजींनी तिकडच्या जुन्या लोकांची घरी केलेली साधने समजावून सांगितली. अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा नावाचे राज्य आहे. त्याला ‘दहा हजार तळ्यांचे राज्य’ म्हणतात. तिथे आणि युरोपातल्या फिनलंड देशात ही मासेमारी फार चालते. ती साधने ऐकून मला नवल वाटले, कारण त्यांतले निम्मे सामान आपल्या घरात आहे.

पहिले साधन म्हणजे लांब लोखंडी पहार. तिचे टोक पटाशीसारखे धारदार असते. तिने बर्फाला वीतभर रुंद भोक पाडायचे. पहारीच्या वरच्या टोकाला दोरी बांधून ती मनगटात अडकवतात. नाहीतर शेवटच्या घावाला बर्फ फुटतो आणि पहार हातातून सुटून तळ्यात जाते.

दुसरे साधन झारा. आई वडे तळताना वापरते तसलाच. भोकातल्या पाण्यावर बर्फाचा चुरा तरंगतो, थोड्या वेळाने पुन्हा साय धरते. ती झाऱ्याने काढत राहायचे.

तिसरे म्हणजे हातभर काठी. झाडूच्या मोडक्या दांड्याचीही चालते. तिला दोन खुंट्या ठोकायच्या आणि त्यांवर दोरा गुंडाळायचा. चाक नाही, कळ नाही. गळ खाली सोडून काठी हळूहळू वरखाली हलवायची. मासा लागला की दोरा हातानेच ओढायचा.

चौथे साधन मला सर्वांत आवडले. भोकावर एक काठी आडवी ठेवायची. तिच्यावर दुसरी काठी सी-सॉसारखी बसवायची. आखूड टोकाला गळाचा दोरा, लांब टोकाला लाल चिंधी. माशाने दोरा ओढला की आखूड टोक खाली जाते आणि चिंधी वर उभी राहते. माणूस लांब शेकोटीजवळ बसला असला तरी त्याला लगेच कळते. यात बॅटरी नाही, घंटा नाही. मासाच निशाण फडकवतो!

बसायला उलटी बादली. येताना सामान तिच्यातच आणायचे, जाताना मासेही तिच्यातच न्यायचे. गळ्यात मात्र एक वस्तू हवीच. दोन लाकडी मुठी, प्रत्येकीच्या टोकाला एक खिळा, आणि मध्ये दोरी. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला तर ओल्या बर्फावर हात घसरतात. तेव्हा हे खिळे बर्फात रोवून बाहेर यायचे. मिनेसोटात सांगतात, की नवा स्वच्छ बर्फ निदान ४ इंच जाड असल्याशिवाय त्याच्यावर पाऊल टाकू नये. पांढरट बर्फ कच्चा असतो, तो दुप्पट जाड हवा.

कॅनडाच्या उत्तरेला आणि ग्रीनलंडमध्ये इन्युइट लोक राहतात. आधी त्यांना एस्किमो म्हणत. ते हाडाचा किंवा हस्तिदंताचा छोटा खोटा मासा करून भोकात दोरीने नाचवत. तो पाहायला मोठा मासा वर आला की तीन टोकांच्या भाल्याने त्याला पकडत. मधले टोक टोचते आणि दोन्ही बाजूंची शिंगाची लवचीक टोके त्याला धरून ठेवतात. लोखंड नाही, कारखाना नाही, पण डोके किती चालवले आहे!

घरी येऊन हे सगळे मी आबांना सांगितले. आबा म्हणजे माझे आजोबा. ते म्हणाले, “आरं, ह्यो तर आपल्याच गळाचा थंडीतला भाऊ हाय!” मग त्यांनी माळ्यावरून त्यांची जुनी बांबूची काठी काढली. तिला मोराच्या पिसाच्या दांडीचा तरंगा होता. तो बुडाला की समजायचे, मासा आला. मी मनात म्हटले, तिकडे लाल चिंधी, इकडे मोराचे पीस. पळसाला पाने तीनच.

मी विचारले, “आबा, मग तुम्ही आता का जात नाही?” आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जाऊन काय करू? डोहात हाय काय आता?”

आबांच्या या प्रश्नाचे उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात कोणीतरी डोहात रात्री ब्लिचिंग पावडर टाकली. सकाळी आम्ही गेलो तर बोटाएवढे मासे पांढरी पोटे वर करून काठाला लागले होते. मोठे मासे टाकणाऱ्यांनी नेले. बारके तसेच कुजले. दोन दिवस गुरांनी त्या पाण्याला तोंड लावले नाही. कोणी टाकली ते लिहिण्याची ही जागा नाही. पण त्या दिवसापासून तरंगा क्वचितच बुडतो, हे खरे आहे.

त्या पावडरीने माशांचे कल्ले जळतात आणि त्यांचा श्वास कोंडतो. जिलेटीनची कांडी टाकली तर धक्क्याने त्यांच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. कितीतरी मासे तळाला जाऊन बसतात. ते कोणाच्याच कालवणात पडत नाहीत. स्फोट करून किंवा विष घालून मासे मारण्याला आपल्या देशात १८९७ सालच्या मत्स्य कायद्यानेच मनाई केली आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हे कळत होते.

आता माझे मत सांगतो. साधे साधन म्हणजे नुसते स्वस्त साधन नव्हे. ब्लिचिंग पावडरही स्वस्तच आहे. साधे साधन म्हणजे ज्याच्यापाशी आपल्याला बसून राहावे लागते आणि जे एका वेळी एकच मासा देते. गळ टाकणारा माणूस डोह रिकामा करू शकत नाही. त्याचे साधनच त्याला हाव करू देत नाही. फिनलंडच्या कायद्यातही हेच आहे. साधी काठी घेऊन बसणाऱ्याला किंवा बर्फाच्या भोकात गळ सोडणाऱ्याला, काही जागा सोडल्या तर, कसलेही शुल्क पडत नाही. त्याहून मोठे साधन हाती घेतले की मोठ्या माणसांना पैसे भरावे लागतात. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

इथे मला स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. मागच्या वर्षी पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे आले. आम्ही चौघांनी आईची जुनी साडी आडवी लावून पातेलेभर मासे धरले. फार मजा वाटली. पण घरी आईने मासे चिरले, तर जवळजवळ सगळ्यांच्या पोटात गाबोळी! ते अंडी घालायला वर निघाले होते. एकेका माशाच्या पोटात हजारो अंडी असतात. साडी काही यंत्र नाही, तरी आम्ही तिच्याने पुढच्या वर्षीचे मासेच खाऊन टाकले. आई म्हणाली, “पोटुशी गाय कोणी कापतं का रे?” त्या रात्री मला कालवण गोड लागले नाही.

काही जण म्हणतील, गळाने घराला पुरतील एवढे मासे कधी मिळणार? त्यांचे म्हणणे थोडे खरे आहे. ज्यांचे पोटच मासेमारीवर आहे, त्यांना जाळे हवेच. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मोठ्या डोळ्याच्या जाळ्यातून बारके मासे निसटून जातात आणि मोठे होतात. मच्छरदाणीतून मात्र कोणीच निसटत नाही. काही जण म्हणतील, यंत्रे वाईट का? तिकडेही आता भोक पाडायला यंत्र आले आहे. पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारे यंत्रही आले आहे. म्हाताऱ्या माणसाला पहार उचलत नसेल तर भोक पाडायचे यंत्र त्याने जरूर वापरावे. पण मासा कुठे आहे हे यंत्रानेच दाखवले तर आपण शिकलो काय? आबा पाण्यावरचे बुडबुडे पाहून सांगतात, खाली कोण आहे ते. ही विद्या कुठल्या दुकानात मिळत नाही. ती आबांबरोबर जाईल याचीच मला भीती वाटते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, कार्यानुभवाच्या तासाला गावातल्या आजोबांना बोलवावे. त्यांनी आम्हाला बांबूची काठी, पिसाचा तरंगा, कामट्यांचा सापळा करायला शिकवावे. दुसरी, पहिल्या पावसात चढणीचे मासे आम्ही मुले धरणार नाही, अशी सातवीच्या वर्गाने शपथ घ्यावी. मी माझे नाव पहिले देतो. तिसरी पालकांसाठी आहे. डोहात पावडर किंवा कांडी टाकताना कोणी दिसला तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून गप्प बसू नका. तेच पाणी आपली गुरे पितात.

आणि मित्रांनो, एक लक्षात ठेवा. तिकडे कच्च्या बर्फावर कोणी जात नाही, तसे आपणही पुराच्या पाण्यात उतरू नये. नदीवर एकट्याने जाऊ नये. मोठ्या माणसाला बरोबर न्यावे.

आबांनी काठीला नवा दोरा बांधला आहे. डोहात पुन्हा मासे वाढायला दोन-तीन पावसाळे लागतील, असे ते म्हणतात. मी म्हणालो, “आबा, आपण थांबू.” ते हसून म्हणाले, “गळ टाकणाऱ्याला थांबायचं शिकवावं लागत न्हाय बाळा.”

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी