तुपाच्या जागी काय आले?

नवी मुंबई हे नियोजनातून उभे राहिलेले शहर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नव्या वसाहती उठल्या. आगरी-कोळ्यांच्या भात-मासळीशेजारी कोकणचे खोबरे, घाटावरचे शेंगदाणा तेल आणि उत्तरेकडचे साजूक तूप नांदू लागले. स्वयंपाक इतका भिन्न असला, तरी एका बाबतीत या घरांचे दीर्घकाळ एकमत होते : हृदय जपायचे, तर तूप, नारळ आणि अंडे वर्ज्य करावे. अलीकडे याच घरांतून नेमके उलट मतही ऐकू येते : कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी उभे केलेले बुजगावणे आहे, तूप मनसोक्त खावे, गोळ्या बंद कराव्यात. ही दोन्ही मते तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण एकात पैसा वाया जातो, तर दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

पहिल्या समजुतीचे मूळ जुने आहे. १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल चारले, तेव्हा त्यांच्या रोहिण्यांत मेदाची पुटे चढली. प्रयोग महत्त्वाचाच होता. परंतु ससा हा तृणाहारी प्राणी. माणसाच्या शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीरच तयार करते आणि अन्नातून ते अधिक आले, तर बहुतेकांचे शरीर आपली निर्मिती कमी करते. म्हणूनच अमेरिकेच्या २०१५-२० या काळासाठीच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा वगळण्यात आली. संपृक्त स्निग्धांश एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावा, हा सल्ला मात्र तसाच राहिला. तूपसमर्थक पहिली गोष्ट सांगतात, दुसरी सांगत नाहीत.

या प्रश्नाची गुंतागुंत मुंबईतच एका डॉक्टरांच्या ध्यानी आली होती. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंची नोंद तपासून आपले निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध केले. हृद्रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दक्षिणेत उत्तरेच्या सुमारे सातपट आढळले. स्निग्ध पदार्थांचे सेवन मात्र उत्तरेकडेच कितीतरी पटींनी अधिक होते, आणि तेही मुख्यतः दूध-तुपाचे. यावरून तूप हृदयाचे रक्षण करते, असे सिद्ध होत नाही. दोन प्रदेशांत श्रम, सवयी व इतर आहारही भिन्न असतात. तथापि तूप हाच एकमेव आरोपी आहे, हे म्हणणे त्या नोंदींपुढे टिकत नाही, एवढे निश्चित.

अर्थशास्त्रात एखाद्या वस्तूची मागणी घटली, की तिच्या जागी कोणती पर्यायी वस्तू आली, हे पाहतात. आहाराच्या चर्चेत हाच प्रश्न बहुधा राहून जातो. १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला आणि ज्यांना साजूक तूप परवडत नव्हते, त्यांच्या स्वयंपाकघरात वनस्पती तूप शिरले. ते तेलापासून बनलेले. त्यामुळे त्यात कोलेस्टेरॉल जवळजवळ नव्हतेच. परंतु तेल अंशतः गोठविण्याच्या प्रक्रियेत ट्रान्स मेद निर्माण होतो आणि तो रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवून हितकारक कोलेस्टेरॉल घटवितो, हे १९९० साली हॉलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. भारतात खाद्यतेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा लागू होण्यास जानेवारी २०२२ उजाडावा लागला. म्हणजे ‘कोलेस्टेरॉल नाही’ हे विधान खरे असूनही ग्राहकाची दिशाभूल झाली. आजही तूप सोडून त्या जागी मैद्याची खारी, फरसाण व साखर आली, तर हृदयाला लाभ होत नाही. शेंगदाणा, करडई, मोहरी यांसारखी असंपृक्त तेले बेताने आली, तर होतो.

आता दुसरे टोक. आहारातील कोलेस्टेरॉलची भीती अवास्तव होती, यावरून रक्तातील कोलेस्टेरॉल निरुपद्रवी ठरत नाही. मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते रक्तातील कोलेस्टेरॉलचे नियमन कसे होते याच्या शोधाबद्दल. हे नियमन ज्यांच्यात जन्मतःच पूर्णपणे बिघडलेले असते, त्यांना बालवयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्रोग्यांवरील चाचणीत स्टॅटिन गोळ्यांमुळे मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. हा पुरावा ऐकीव गोष्टींवर मोडीत काढणे हे स्वतंत्र विचाराचे लक्षण नव्हे. चमचाभर तूप खाणाऱ्याने अपराधी वाटून घेऊ नये. पण वैद्याच्या सल्ल्याविना गोळी बंद करणारा मात्र भलताच सौदा करीत असतो.

आपल्या लोकांना गाफील राहून चालणारे नाही. ५२ देशांतील पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, असे आढळले. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, मानसिक ताण, व्यायामाचा आणि भाजी-फळांचा अभाव ही कारणे त्या पाहणीत रक्तातील मेदाच्या जोडीने ठळकपणे पुढे आली. लोकलने दोन-दोन तास प्रवास करून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या नोकरदाराला यांतील अर्धी यादी स्वतःचीच वाटेल. त्याने तेलाच्या जाहिरातीवर वा तुपाच्या गुणगानावर विसंबण्याऐवजी रक्तदाब, साखर आणि रक्तातील मेद वेळच्या वेळी तपासून घ्यावे. ताटातून काय काढले, याचा अभिमान बाळगण्याआधी त्या जागी काय वाढले, याचा हिशेब प्रत्येक घराने मांडला पाहिजे.