वर्षा ऋतूतील वैद्य आणि त्याचे स्वस्थवृत्त

मृग नक्षत्र लागले की आमच्या फुलसावंगीच्या पंचक्रोशीत दोघांना उसंत नसते. एक शेतकऱ्याला आणि दुसरी वैद्याला. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी असे शेताचे एकेक काम पुढे सरकते, तसे दवाखान्याच्या ओट्यावरील रुग्णांचे स्वरूपही पालटत जाते. आषाढात अतिसार आणि अजीर्ण, श्रावणात ज्वर व संधिशूल, भाद्रपदात विषमज्वर, डेंग्यू, सर्पदंश आणि फवारणीची विषबाधा. आठवडी बाजाराच्या दिवशी तर सकाळी आठला उघडलेले दार रात्री दहापर्यंत लागत नाही. वैद्याच्या घरातील पोळा, गणपती, महालक्ष्म्या आणि मुलांच्या घटक चाचण्या यांचाही काळ नेमका हाच असतो.

या चार महिन्यांत व्यवसाय, कुटुंब आणि स्वतःचे शरीर यांचा मेळ वैद्याने कसा घालावा, याविषयी आमच्या संघटनेत आजवर पुरेशी चर्चा झालेली नाही. संमेलनांतून आपण रुग्णांची ऋतुचर्या सांगतो. वैद्याच्या ऋतुचर्येचा विषय मात्र चहाच्या वेळी थट्टेवारी नेला जातो. तो गंभीरपणे मांडावा, असे आम्हांस वाटू लागले ते एका घरगुती प्रसंगाने.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात आमच्या धाकट्या कन्येस ज्वर आला. आम्ही रात्री घरी येऊन निजलेल्या मुलीच्या कपाळावर हात ठेवीत असू आणि पहाटे पुन्हा दवाखान्यात जात असू. चौथ्या दिवशी घरी महालक्ष्म्यांचे जेवण होते. सकाळी ज्वर उतरला, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. दुपारी सौभाग्यवतींनी निरोप पाठविला की, मुलीचे पोट दुखते आहे व हातपाय गार लागताहेत. समोर वीस-बावीस रुग्ण होते. "येतो" असे सांगून आम्ही आणखी दीड तास तिथेच बसलो. डेंग्यूत ज्वर उतरतो तेव्हाच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते, हे त्याच दिवशी आम्ही निदान चार मातांना बजावून सांगितले होते!

मुलीला पुसदला नेऊन दाखल करावे लागले. ती बरी झाली, ही ईश्वराची कृपा. परतताना सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "गावाच्या लेकरांना तुम्ही उजेडी पाहता, आपल्या लेकराला तेवढं अंधारात." आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

आता शास्त्राकडे वळू. ग्रीष्माच्या अखेरीस आणि वर्षा ऋतूत मनुष्याचे बल सर्वांत क्षीण असते, अग्नी मंद असतो आणि वाताचा प्रकोप होतो, हे आपण रोज सांगतो. पण वैद्य काही या ऋतूच्या बाहेर राहत नाही. ज्या काळात त्याचे बल सर्वांत कमी, त्याच काळात त्याचे श्रम सर्वांत अधिक असतात. चरकाचार्यांनी 'नवेगान्धारणीय' अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले. त्यांत क्षुधा, तृष्णा, निद्रा, मूत्र आणि अश्रू यांचाही समावेश आहे. दवाखान्यात गर्दी असताना या पाचांपैकी आपण कोणता वेग रोखत नाही, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. चरकसंहितेतच तीन एषणा सांगताना प्राणैषणेला पहिले स्थान दिले आहे, धनैषणा तिच्यानंतर येते. पावसाळ्यात आपण हा क्रम उलटा करतो आणि त्याला सेवा हे नाव देतो.

आधुनिक निरीक्षणेही याच दिशेची आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी, तर हृद्रोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी अधिक आढळला. श्रावण-भाद्रपदात आमचे 55 तास गुरुवारीच पूर्ण होतात.

यावर काही ज्येष्ठ वैद्यबंधू म्हणतील, "रुग्णसेवा हे व्रत आहे, व्रताला सुटी कसली?" आम्ही त्यांच्या भावनेचा आदर करतो. तथापि थकलेला वैद्य रुग्णाच्याही हिताचा नसतो. 2017 सालच्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. असा रुग्ण प्रथम कोणाकडे येतो? बहुधा गावातील वैद्याकडेच, आणि तोही दिवस मावळल्यावर, ओकारी व गरगरल्याची तक्रार घेऊन. त्याला अजीर्णाची पुडी देऊन घरी पाठवायचे, की अतिघाम, लाळ आणि बारीक झालेल्या बाहुल्या पाहून तत्काळ मोठ्या रुग्णालयात रवाना करायचे, हा निर्णय दोन मिनिटांत घ्यावा लागतो. चौदा तास बसून राहिलेल्या डोळ्यांना त्या बाहुल्या दिसतीलच, याची हमी कोण देईल? वैद्याची विश्रांती हा चैनीचा भाग नसून चिकित्सेचाच भाग आहे, असे आमचे मत त्यामुळेच झाले आहे.

केवळ तक्रार मांडून थांबणे योग्य नव्हे. आम्ही स्वतः गेली दोन वर्षे जे पाळत आहोत, ते नम्रपणे सांगतो. दुपारी दीड ते चार दवाखाना बंद असतो आणि ती वेळ पाटीवर लिहिली आहे. पहिल्या महिन्यात लोक कुरकुरले, दुसऱ्या महिन्यापासून त्याप्रमाणे येऊ लागले. रात्री केवळ आत्ययिक रुग्ण पाहतो. वर्षा ऋतूत दिवास्वाप वर्ज्य खरा, पण रात्री जागरण घडल्यास त्याच्या निम्मा वेळ सकाळी अन्न घेण्यापूर्वी झोपावे, अशी सोय वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात करून ठेवली आहे. ती रुग्णांना सांगण्यापूर्वी आम्ही स्वतः वापरतो. रात्रीचे जेवण घरच्यांसह घेतो. महालक्ष्म्यांच्या दिवशी दवाखाना पूर्ण बंद ठेवतो. उत्पन्न थोडे घटले, हे मान्य करावयास हवे. परंतु या भागात पावसाळ्याची बरीचशी मिळकत कापूस घरी येईपर्यंत वहीतच असते, त्यामुळे घट वाटते तेवढी जाणवली नाही.

एकट्याने करता येत नाही, असे एक काम मात्र संघटनेचे आहे. शेजारच्या तीन-चार गावांतील वैद्यांनी आषाढ ते आश्विन या काळापुरती पाळी लावावी. प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळेल आणि त्या दिवशी त्याचे रुग्ण शेजारचा वैद्य पाहील. येथे अडसर पैशाचा नसून अविश्वासाचा आहे. "माझा रुग्ण त्याच्याकडे गेला की परत येणार नाही" ही भीती आम्हांसही वाटत होती. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावातील एका वैद्यबंधूसह आम्ही हा प्रयोग केला. दोघांचेही रुग्ण परत आले. काही त्यांच्याकडे राहिले, काही आमच्याकडे. त्याने कोणाचीही चूल विझली नाही. तालुका शाखांनी ज्येष्ठातच अशी पाळीपत्रके तयार करावीत, एवढीच आमची सूचना आहे.

भिषक, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद. पावसाळ्यापूर्वी आपण द्रव्याचा साठा करतो, उपस्थात्याला सूचना देतो, रोग्याला पथ्य सांगतो. पहिल्या पादाची निगा तेवढी राहून जाते. येत्या मृगापूर्वी प्रत्येक वैद्याने आपल्या घरी बसून, घरच्यांच्या साक्षीने, या चार महिन्यांची स्वतःची दिनचर्या एका कागदावर लिहून काढावी. आमच्या घरी तो कागद आमच्या कन्येने देवघराशेजारी चिकटविला आहे आणि उशीर झाला की ती त्याच्याकडे बोट दाखविते.