बंदुकीच्या जागी पावती

आजच्या नोंदीत भाताचं कमी आणि बंदुकीचं जास्त आहे. रागावून लिहितोय, तेव्हा एखादा शब्द जास्त गेला तर सांभाळून घ्या.

परवा खंडेनवमीला नेहमीसारखी अवजारं पुजली. कोयता, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, पॉवर टिलर. बाबा असताना या रांगेत पहिला मान त्यांच्या बंदुकीचा असायचा. एकनळी, बारा बोअरची, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. आदल्या दिवशी ते ती खोलून शिवणयंत्राच्या तेलाने पुसायचे आणि आम्हा पोरांना लांब बसवायचे. यंदा तिच्या जागी मी पोलीस ठाण्याची पावती ठेवली आणि तिच्यावर झेंडूचं फूल वाहिलं. बायको म्हणाली, "कागदाची पूजा करतात काय?" म्हटलं, दोन वर्षं आठ महिने हा कागदच आमची राखण करतोय, मग मान त्याचाच.

आता पहिल्यापासून सांगतो. आमची जमीन डोंगराच्या पायथ्याला. खाली भाताचे मळे, वर काजू, आणि त्याच्यावर सरळ जंगल. बाबांना 1984 साली परवाना मिळाला. त्या बंदुकीने त्यांनी किती डुकरं मारली असतील? माझ्या आठवणीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळे बार हवेत. ते म्हणायचे, "बार वाजलो काय डुकर आठ दिस फिराकत नाय." बंदुकीचं खरं काम तेवढंच होतं. आणि हेही सांगून ठेवतो, परवाना हातात आहे म्हणून रानातलं जनावर मारता येत नाही. त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. गव्याला तर हात लावायचाच नाही, तो कायद्याने पहिल्या अनुसूचीत आहे. हे सगळं आम्हाला ठाऊक आहे आणि मान्यही आहे.

डिसेंबर 2022 मध्ये बाबा गेले, 81 व्या वर्षी. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी बंदूक आणि उरलेली सात काडतुसं घेऊन ठाण्यावर गेलो. परवाना बाबांच्या नावाचा, माणूस गेला, मग ती बंदूक घरात ठेवायचा मला अधिकार नाही. जमा केली, पावती घेतली. वाडीतल्या एकाने तेव्हाच विचारलं होतं, "जमा करूक कोणी सांगल्यान तुका? माळ्यावर टाकून ठेवची." मी त्याला म्हटलं, कायद्याने जाऊ, तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.

हे तीन-चार महिने मी मनाने काढले नव्हते. 2016 चे शस्त्र नियम आहेत. त्यात परवानाधारक वारला तर त्याच्या वारसाला परवाना देता येतो असं स्पष्ट आहे. पोलिसांनी अहवाल 30 दिवसांत द्यायचा आणि तो मिळाल्यापासून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने 60 दिवसांत निर्णय घ्यायचा, असंही त्यातच आहे. झाले 90 दिवस. मी दहावी पास माणूस, पण बेरीज येते.

फेब्रुवारी 2023 मध्ये अर्ज केला. ऑनलाइन भरला, तरी कागदांची चळत हातानेच नेऊन द्यावी लागली. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, दोन बहिणींचं आणि मुंबईच्या भावाचं संमतीपत्र, सातबारा, आठ-अ, डॉक्टरांचा दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, बाबांचा मूळ परवाना. एप्रिलमध्ये ठाण्यात बोलावून जबाब घेतला. मे महिन्यात ठाण्याचा अहवाल वर गेला. ठाण्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथले हवालदार भले माणूस.

पुढे मात्र फाइल नुसती बसली. जून, जुलै, पाऊस गेला, दिवाळी गेली. जाऊन विचारलं की एकच उत्तर, "काका, फाइल वर आहे." वर म्हणजे कुठे, हे वरचेही सांगेनात. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तेव्हा कळलं की फाइल सात महिने एकाच टेबलावर होती. जानेवारी 2024 मध्ये ती परत आली, कारण भावाच्या संमतीपत्रावरचा शिक्का पुसट होता. सात महिन्यांनी दिसलेला पुसट शिक्का! भावाला मुंबईहून बोलावलं, नवीन स्टँप पेपर केला, फेब्रुवारीत दिला. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. "निवडणूक झाल्यावर बघू." झाली. तोवर साहेबांची बदली. नवीन साहेब फाइल बघेपर्यंत विधानसभा आली. पुन्हा "निवडणूक झाल्यावर बघू."

आणि यंदा जूनमध्ये काय ऐकलं असेल? "काका, पोलीस अहवाल आता दोन वर्षांचा जुना झालाय. नव्याने मागवावा लागेल. डॉक्टरांचा दाखलाही नवीन लागेल." अहो, तो जुना केला कोणी? माझ्या घरी नव्हता तो. तुमच्याच कपाटात जुना झाला. तुम्ही उशीर करायचा आणि त्या उशिराचा दंड पुन्हा मीच भरायचा, हा कुठला न्याय? आता पुढची कुठलीतरी निवडणूक येईलच. म्हणजे पुढचं उत्तर मला आजच पाठ आहे.

आतापर्यंत माझ्या 19 खेपा झाल्या. एक खेप म्हणजे दोन एसट्या, अख्खा दिवस आणि शेतावर त्या दिवशी कोणी नाही.

आता कोणी म्हणेल, बंदूक ही काही खेळण्याची वस्तू नाही, चौकशी नीट व्हायला नको का? व्हायलाच हवी. उलट मी म्हणतो कडक करा. माझ्यावर गुन्हा आहे का बघा, मी दारू पितो का शेजाऱ्यांना विचारा, घरात बंदूक ठेवायची जागा येऊन तपासा. आणि मी नालायक वाटलो तर नाही म्हणून टाका. नकार द्यायचा तर त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्या नकारावर वर अपील करता येतं, ही सोय 1959 च्या शस्त्र कायद्यातच आहे. पण माझ्या हातात नकारही नाही. हो नाही, नाही नाही. मग मी अपील करू ते कशावर? बंद कपाटावर? नकारापेक्षा गप्प बसणं वाईट ते यासाठी. नकाराला उत्तर देता येतं, गप्प बसण्याला देता येत नाही.

आणि एवढ्या काळात शेत थांबत नाही. मागच्या वर्षी भात दुधाळ असताना एका रात्रीत बारा गुंठ्यांत डुकरांनी लोळण घातली. खाल्लं थोडं, आडवं केलं सगळं. पंचनामा झाला, भरपाईही मिळाली, खोटं बोलणार नाही. पण भरपाईतून वर्षभराचा तांदूळ येत नाही, आणि गुरांना पेंढा तर नाहीच नाही.

आता जे लिहितो ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. त्या लोळणीनंतर चौथ्या दिवशी मी बाजारातून तारेचं भेंडोळं आणलं. सोलरची झटका मशीन नव्हे, ती चालते. मी आणली होती ती साधी तार, पंपाच्या मीटरमधून सरळ करंट सोडायला. खुंट्यासुद्धा तासून ठेवल्या होत्या. बायकोने बघितलं. "ह्या काय हाडलात? कोणाचो पाय पडलो तर?" एवढंच बोलली आणि आत गेली. रात्रभर झोप नाही. आमच्या मळ्याच्या बांधावरून पहाटे दूध घालायला जाणारी माणसं आहेत, शाळेला जाणारी पोरं आहेत. सकाळी भेंडोळं उचलून दुकानात परत देऊन आलो. दुकानदाराने कारण विचारलं नाही, पण त्याला कळलं असावं. तशी तार नेणारा मी काही पहिला नव्हतो.

अशा तारेला चिकटून माणसं मेल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. आपण म्हणतो, काय ही माणसं, जिवाची पर्वा नाही. मीही म्हणायचो. आता म्हणवत नाही, कारण त्या तारेपर्यंत माणूस कसा पोचतो ते मी स्वतः चालून बघितलंय.

मला सांगायचंय ते एवढंच. या उशिराने बंदुका कमी होत नाहीत. उशिराने फक्त कायद्याने वागणाऱ्याची बंदूक जाते. ज्याने माळ्यावर टाकून ठेवली, त्याची आहे तिथेच आहे. कोणी फासे लावतो, कोणी गावठी बॉम्ब पेरतो, कोणी तार सोडतो. यातल्या एकाचीही फाइल नाही, म्हणून यातलं कोणाचंच अडत नाही. अडलाय तो पावतीवाला. उद्या माझ्या मुलाने विचारलं की बाबा, जमा करून तुम्हाला काय मिळालं, तर मी त्याला काय सांगू? सरकारला परवान्याची शिस्त हवी असेल तर पावतीवाल्याला वेळेत उत्तर देणं हीच त्या शिस्तीची पहिली पायरी आहे.

माझं मागणं मोठं नाही. फाइल ज्या टेबलावर आली आणि जिथून गेली, ती तारीख अर्जदाराला मोबाईलवर दिसू द्या. त्रुटी काढायची तर पहिल्या महिन्यात, सगळ्या एकदम काढा. ऑफिसच्या उशिराने जुना झालेला कागद अर्जदाराकडून पुन्हा मागू नका. आणि 90 दिवसांनी हो किंवा नाही, काय ते लेखी द्या.

शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट आहे, ती माझ्या चुकीतून शिका. याच 2016 च्या नियमांत असं आहे की परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक त्याच्याकडे 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसाच्या नावाने परवाना मागू शकतो. नियम आले तेव्हा बाबा 75 वर्षांचे होते आणि परवाना 32 वर्षांचा. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. तुमच्या घरी वडील, आजोबा परवानाधारक असतील तर आजच कागद बघा. प्रत्येक कागदाची झेरॉक्स आणि पोच ठेवा. उशीर झाला तरी निदान माणूस समोर असताना होऊ दे.

मागच्या महिन्यात हवालदारांना विनंती करून बंदूक बघून आलो. नळीवर तांबूस गंज चढलाय. म्हटलं, नुसतं तेल लावू का? ते म्हणाले, "जमा वस्तूला हात लावता येत नाही हो." त्यांचंही बरोबर आहे.

भात पिवळं पडायला लागलंय. कापणीला अजून दहा-बारा दिवस. आज रात्रीही डबा आणि बॅटरी घेऊन माळ्यावर जागायचं आहे. तुमच्यापैकी कोणाचा वारसाचा अर्ज असाच अडकला असेल तर खाली फक्त अर्जाचा महिना आणि वर्ष लिहा. नाव, गाव नको. किती जण आहोत ते तरी कळू दे.