निंगालूचा किनारा : अंतर राखून पाहणे

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या उत्तरेस सुमारे १,२०० किलोमीटरवर निंगालूचा किनारा आहे. तेथील प्रवाळभित्ती काही ठिकाणी वाळूपासून इतकी जवळ आहे की नौकेवाचून, पोहत जाऊनच तिचे दर्शन घडते. २०११ साली युनेस्कोने या किनाऱ्याचा जागतिक वारशात समावेश केला.

किनाऱ्यालगतच्या केप रेंज राष्ट्रीय उद्यानात तंबूसाठी ठरावीक जागा असून त्या आधी आरक्षित कराव्या लागतात. तेथे वीज नाही, पिण्याचे पाणी नाही आणि शेकोटीस मनाई आहे. पाणी व शिधा बरोबर न्यावा, कचरा परत आणावा. मोजक्या पाण्यात दिवस कसा निभावतो, हे मुलांना येथे न सांगता कळते. सकाळ-संध्याकाळ तंबूच्या आसपास कांगारू आणि एमू चरताना दिसतात.

मार्च ते जुलै या काळात येथे व्हेल शार्क येतात. जगातील हा सर्वांत मोठा मासा पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्याजवळ एका वेळी दहाच पोहणाऱ्यांना उतरता येते. अंगापासून ३ आणि शेपटीपासून ४ मीटर अंतर राखावे लागते, स्पर्श तर वर्ज्यच. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर याच माशाची शिकार होत असे. २००१ साली त्यास कायद्याचे संरक्षण लाभले. आज तो जाळ्यात सापडल्यास तेथील मच्छीमार जाळे कापून त्याला सोडतात आणि जाळ्याची भरपाई शासन देते.

मात्र प्रत्येक संकट अंतर राखून टळत नाही. २०२५च्या प्रारंभी समुद्र तापला आणि निंगालूचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळ हे सजीव आहेत. त्यांच्या देहातील सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न व रंग देते. उष्णतेने ते निघून गेले की उपासमार सुरू होते. उष्मा लवकर ओसरला तर प्रवाळ सावरतात, लांबला तर मरतात.

समुद्र तापतो तो मुख्यतः दूरवर जाळल्या जाणाऱ्या इंधनामुळे. तेथवरचा विमानप्रवासही त्याच खात्यात मांडावा लागेल. तंबूत पाणी मोजून वापरणारा पाहुणा घरी परतल्यावर वीज आणि इंधनही मोजू लागला, तरच या सहलीचा जमाखर्च जुळला म्हणायचे.